बारा नंबरचा चौकोन

फेब्रुवारीतला रविवार. जेवणाच्या टेबलावर वर्षभराचे कागद पसरलेले, चहा गार होत चाललेला. इथे अमेरिकेत आमच्याकडे टॅक्स भरायचा दिवस असाच असतो. कंपनीकडून आलेला डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, डाव्या हाताला ठेवायचा आणि त्याच्या एकेका चौकोनातला आकडा कॉम्प्युटरवर उतरवत जायचं. पहिला चौकोन पगाराचा, दुसरा कापून घेतलेल्या कराचा. बाराव्या चौकोनात चार बारके रकाने, त्यांत आकड्याआधी इंग्रजी अक्षरांचा कोड. माझ्या कागदावर यंदा 'डीडी'पुढे २६,४१२ असं छापलेलं होतं.

या कंपनीत मला अकरा वर्षं झाली. म्हणजे हा डीडी मी दहा-अकरा वेळा टाइप केला असणार. तो टाकला की सॉफ्टवेअर नेमाने सांगतं, या आकड्याने तुमच्या करात काही फरक पडत नाही. ज्याने फरक पडत नाही त्याच्याकडे कोण कशाला बघेल? यंदा मात्र बोट तिथे अडलं. त्याला कारण बाबा.

ऑक्टोबरात मुलगा शाळेच्या मैदानावर मंकी बारवरून पडला आणि मनगट मोडून बसला. इमर्जन्सी रूम, एक्स-रे, प्लॅस्टर, साडेचार तास. महिन्याभराने पाकीट आलं. त्यातल्या कागदाला, म्हणजे विम्याने काय दिलं याच्या खुलाशाला, इथे ईओबी म्हणतात. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हे बिल नाही', आणि खाली बिलासारखंच सगळं. हॉस्पिटलने लावले ७,३१८ डॉलर. योजनेमुळे मिळालेली सवलत ४,१०५. विम्याने भरले शून्य. तुम्ही देणं लागता ३,२१३.

हे मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बाबा बँकेत कॅशियर होते. संध्याकाळी दोन रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी यायचे नाहीत.

"तुझा विमा आहे ना रे?"

"आहे ना."

"मग त्याने दिलं काय?"

"सवलत."

"सवलत कापडाच्या दुकानातही देतात. पैसे किती दिले?"

"आमचं डिडक्टिबल भरलं नव्हतं अजून, बाबा. ते भरेपर्यंत सगळं आपल्याच खिशातून."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "बरं. पण विम्याचा हप्ता तर कंपनीच भरते ना? मग तुझं काय जातंय?"

हो, कंपनीच भरते, असं म्हणून मी मुलाच्या प्लॅस्टरवर वर्गातल्या पोरांनी काय काय लिहिलंय ते सांगायला लागलो. खरं तर मीही इतकी वर्षं तसंच धरून चाललो होतो.

डीडी म्हणजे माझ्या कुटुंबाच्या आरोग्य विम्यापोटी वर्षभरात गेलेली एकूण रक्कम. कंपनीचा वाटा अधिक माझा वाटा. २०१० च्या आरोग्य कायद्याने ती डब्ल्यू-टूवर छापणं आलं. आपला विमा खरोखर केवढ्याला पडतो हे नोकरदाराला दिसावं, हा हेतू. दाखवायला जागा निवडली ती ही. घराच्या फरशीखाली नोटीस लावावी तशी.

माझ्या पगारातून दर पंधरवड्याला २४२ डॉलर कापले जातात. सव्वीस पगारांचे झाले ६,२९२. तेवढे मला माहीत होते, कारण ते जाताना दिसतात. बाकीचे २०,१२० कंपनीने भरले, आणि 'कंपनीने भरले' या दोन शब्दांतच सगळी मेख आहे. कंपनी माणूस ठेवते तेव्हा तो एकूण केवढ्याला पडणार याचा हिशेब आधीच मांडते. पगार, विमा, निवृत्तीसाठीचा वाटा, सगळं एकाच बेरजेत. विमा महागला म्हणून ती बेरीज आपोआप फुगत नाही. त्यातला पगाराचा तुकडा आक्रसतो. या बाबतीत बहुतेक अर्थतज्ज्ञांचं एकमत आहे, आणि अर्थतज्ज्ञांचं एकमत ही चीज रोज बघायला मिळत नाही. ते वीस हजार माझेच होते. माझ्या खात्याला न शिवता परस्पर गेले, इतकंच.

परस्पर गेले यात माझा फायदाही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ही रक्कम पगार म्हणून हातात आली असती तर तिच्यावर कर बसला असता. विमा म्हणून गेली की बसत नाही. ज्याचा पगार मोठा, त्याचा कराचा दर मोठा, म्हणजे त्याची सूटही मोठी. २०१० च्याच कायद्यात फार महागड्या योजनांवर ४० टक्के कर लावायची तरतूद होती. कामगार संघटनाही विरोधात आणि मालकही. एरवी एका टेबलावर न बसणारी ही दोन माणसं. कर लागू व्हायची तारीख पुढे ढकलत ढकलत शेवटी २०१९ च्या डिसेंबरात तो एक दिवसही न लागता रद्द झाला.

माझा आकडा काही जगावेगळा नाही. केएफएफ ही आरोग्य धोरणाचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी मालकांची पाहणी करते. २०२५ मध्ये कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता निघाला २६,९९३ डॉलर, त्यातले ६,८५० नोकरदाराच्या पगारातून. याच पाहणीत १९९९ साली पूर्ण हप्ता होता ५,७९१. म्हणजे तेव्हा अख्ख्या कुटुंबाच्या विम्याला जे लागायचं, त्याहून जास्त आता नुसता नोकरदाराचा वाटा आहे. मी हे दोनदा तपासून पाहिलं. बाबांचा मुलगा आहे शेवटी.

नोकरी आणि औषधपाणी यांची ही गाठ बांधली कुणी, असा प्रश्न इथे आल्यावर पहिल्या वर्षी सगळ्यांना पडतो आणि दुसऱ्या वर्षी विसरला जातो. उत्तर गमतीचं आहे: ठरवून कुणीच नाही.

१९२९ मध्ये टेक्ससमधल्या डॅलसला बेलर विद्यापीठाच्या हॉस्पिटलाची बिलं थकत होती. तिथला कारभार जस्टिन फोर्ड किंबल यांच्याकडे आला. ते आधी डॅलसच्या शाळांचे प्रमुख होते, त्यामुळे थकबाकीदारांच्या यादीतली शिक्षकांची नावं त्यांच्या ओळखीची निघाली. त्यांनी शिक्षकांपुढे प्रस्ताव ठेवला: महिन्याला पन्नास सेंट भरा, गरज पडली तर वर्षात एकवीस दिवस हॉस्पिटलात ठेवून घेऊ. ब्लू क्रॉस या विमा योजनांची मुळं या पन्नास सेंटांत आहेत. म्हणजे सुरुवात रोग्याच्या कळवळ्यातून कमी आणि हॉस्पिटलाच्या थकीत वसुलीतून जास्त झाली. मला यात वाईट काही वाटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

मग आलं दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये सरकारने महागाई रोखायला पगार गोठवले. कारखान्यांना माणसं हवीत आणि पगार तर वाढवता येत नाही. तेव्हा युद्धकाळातल्या श्रम मंडळाने सांगितलं की विम्यासारख्या सोयी मर्यादेत दिल्या तर त्या पगारवाढीत धरणार नाही. ही फट मिळताच मालक तिच्यातून आत घुसले. पाठोपाठ कर खात्याने या हप्त्यावर नोकरदाराला कर नाही असं सांगितलं आणि १९५४ च्या करसंहितेत ते पक्कं झालं. १९४० मध्ये दहातल्या एकाकडेही धड हॉस्पिटल विमा नव्हता. १९५० पर्यंत जवळपास निम्म्या देशाकडे आला. युद्ध संपलं, पगार मोकळे झाले, विमा मात्र नोकरीच्या घरात राहिला तो राहिलाच. पाहुणा म्हणून आलेला मामा पुढे घरातलाच होऊन जातो तसा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये सगळ्यांसाठी राष्ट्रीय विम्याची योजना मांडून पाहिली, पण डॉक्टरांची संघटना हात धुऊन मागे लागली आणि ती बारगळली.

याच काळातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून आहे. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजलिसकडे नेणाऱ्या कालव्याचं काम चालू होतं. सिडनी गारफिल्ड नावाच्या तरुण डॉक्टराने तिथे मजुरांसाठी बारा खाटांचं हॉस्पिटल टाकलं आणि थोड्याच दिवसांत त्याचं दिवाळं वाजायची पाळी आली. विमा कंपन्या बिलं वेळेवर देत नव्हत्या. शेवटी असं ठरलं की दर मजुरामागे रोजचे पाच सेंट त्याला आधीच मिळतील, मग कुणी आजारी पडो न पडो. त्या दिवसापासून डॉक्टराचा हिशेबच उलटा झाला. आतापर्यंत मजुराच्या पायात खिळा गेला की कमाई होत होती. आता खिळा गेला की खर्च. सांगतात की गारफिल्ड त्यानंतर स्वतः कामाच्या जागी जाऊन फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घ्यायला लागला. पुढे हेन्री कैसर या उद्योगपतीने त्याला आपल्या धरणावरच्या आणि मग जहाजांच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी बोलावलं आणि त्यातून कैसर परमनंटे ही विमा आणि हॉस्पिटलं एकत्र चालवणारी संस्था उभी राहिली.

हातोडा घेऊन वाळवंटात फिरणारा तो डॉक्टर मला ईओबी उघडताना हटकून आठवतो. माझ्या मुलाच्या मनगटाच्या व्यवहारात हॉस्पिटल होतं, विमा कंपनी होती, एक्स-रे वाचणारा डॉक्टर होता. त्याचं बिल पुन्हा वेगळं, चौऱ्याण्णव डॉलर, दुसऱ्याच शहरातल्या पत्त्यावरून. यांच्यातल्या एकालाही मंकी बारखाली अजून थोडी मऊ माती पडावी असं वाटायचं काही कारण नव्हतं.

आता त्या ७,३१८ चं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांनी आपले दर जाहीर करावेत असा नियम २०२१ च्या १ जानेवारीपासून लागू आहे. मी त्या हॉस्पिटलाच्या वेबसाइटवर जाऊन फाइल उतरवली. उघडताना लॅपटॉपचा पंखा असा फिरायला लागला की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. आत हजारो ओळी. एकाच एक्स-रेला एका विमा कंपनीसाठी एक भाव, दुसरीसाठी दुसरा, रोख देणाऱ्याला तिसरा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक मूळ भाव, जो कुणीच देत नाही. माझी ४,१०५ ची 'सवलत' या मूळ भावातून होती. म्हणजे बाबांचं कापडाचं दुकान अगदीच चुकलं नव्हतं.

रँड संस्थेच्या एका अभ्यासानुसार २०२२ मध्ये मालकांच्या आणि खासगी विम्यांनी हॉस्पिटलांना सरासरीने मेडिकेअरच्या २५४ टक्के दर दिला. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टच्या पुढच्यांची सरकारी योजना. तेच हॉस्पिटल, तोच पलंग. आजोबांसाठी शंभर आणि नातवासाठी अडीचशे. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांचे सहकारी २००३ पासून हेच सांगत होते की इतर श्रीमंत देशांपेक्षा अमेरिकेचा खर्च जास्त आहे तो इथले लोक डॉक्टरकडे जास्त जातात म्हणून नाही, दर जास्त आहेत म्हणून. २०२३ मध्ये देशाचा आरोग्यावरचा खर्च ४.९ लाख कोटी डॉलर होता, अर्थव्यवस्थेच्या १७.६ टक्के. १९६० मध्ये हाच हिस्सा पाच टक्क्यांच्या आसपास होता.

यावर तोडगा म्हणून मालकांनी काय केलं, तर डिडक्टिबल वाढवलं. युक्तिवाद असा की स्वतःच्या खिशातून द्यायचं म्हटलं की माणूस जपून खर्च करतो. २००३ च्या कायद्याने त्याला एचएसए नावाची करमुक्त बचतपेटी जोडून दिली. एचआरच्या स्लाइडवर हसऱ्या कुटुंबाच्या फोटोखाली लिहिलेलं असतं की आता निर्णय तुमच्या हातात. माझ्या हातातला निर्णय असा होता: पोराचं मनगट सुजलेलं असताना गाडीत बसून तीन हॉस्पिटलांचे भाव काढायचे का?

आमच्या घरात या डिडक्टिबलने एक वेगळंच पंचांग तयार केलंय. जानेवारी ते ऑगस्ट कुणी डॉक्टरचं नाव काढत नाही. खांदा दुखतो? शेक घे. मग वर्षात कधीतरी असं काही घडतं, मनगटासारखं, की डिडक्टिबल एका फटक्यात भरत आलं, आणि घरात अचानक उत्साह संचारतो. बायको यादी करायला बसते. "तुझ्या खांद्याचं एमआरआय, माझं स्किनचं, धाकटीचं ॲलर्जी टेस्टिंग. सगळं एकतीस डिसेंबरच्या आत उरकायचं, परत जानेवारीत शून्यापासून सुरू." नोव्हेंबरात आम्ही चार आठवड्यांत पाच अपॉइंटमेंट केल्या. वेटिंग रूममध्ये आणखी दोन मराठी कुटुंबं भेटली, त्यांचंही तेच. माणसं जपून खर्च करतात हे खरंच आहे. आठ महिने जपून ठेवतात आणि मग दोन महिन्यांत उधळतात.

वार्षिक तपासणी तेवढी कायद्याने फुकट. पण तिथेही जुनेजाणते लोक नव्याला कानात सांगतात: डॉक्टरने विचारलं काही त्रास आहे का, तर म्हण नाही. खांद्याचा उल्लेख केलास की ती 'तपासणी' राहत नाही, 'व्हिजिट' होते, आणि बिल येतं. मी एकदा बोलून बसलो होतो. एकशे ऐंशी डॉलरचा तो खांदा.

विम्याच्या कार्डावर विमा कंपनीचा बिल्ला असतो म्हणून पैसे ती देते असं वाटतं. अनेकांच्या बाबतीत तसं नसतं. नोकरीतून विमा असलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोकांच्या योजना 'सेल्फ-फंडेड' असतात. क्लेमचे पैसे मालकाच्याच गल्ल्यातून जातात, विमा कंपनी फक्त कागद हलवायची फी घेते. आमचीही तशीच आहे, हे मला सहाव्या वर्षी कळलं.

याचा अर्थ काय होतो ते २०१४ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीत दिसलं. कंपनीचे प्रमुख टिम आर्मस्ट्राँग यांनी निवृत्ती योजनेतली कपात समजावताना सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर सांगितलं की अवघड अवस्थेत जन्मलेल्या दोन बाळांवर कंपनीला प्रत्येकी दहा लाख डॉलर खर्च करावे लागले. मोठा गहजब झाला, त्यांनी माफी मागितली, कपातही मागे घेतली. पण वाक्य बोलून झालं होतं. आमच्या कंपनीत कुणी असं बोलत नाही, फार सभ्य माणसं आहेत. ओपन एनरोलमेंटच्या, म्हणजे पुढच्या वर्षाची योजना निवडायच्या दिवसांतल्या, ईमेलमध्ये फक्त एक ओळ असते: यंदा मोठ्या रकमेच्या क्लेमची संख्या अधिक राहिल्याने हप्त्यात वाढ करावी लागत आहे. मी ती ओळ वाचली आणि माझ्या नकळत मनात माणसं मोजायला लागलो. अकाउंट्समधल्या बाई, ज्या वसंतात डोक्याला स्कार्फ बांधून यायच्या. गोदामातला तो, ज्याची जुळी लवकर झाली. मोजून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. दुपारी कॅन्टीनमध्ये त्या बाई समोर आल्या, तर मी उगाचच जरा जास्तच मोकळं हसलो.

आणि रिसेप्शनवरची मुलगी. तासाला १९ डॉलर मिळतात तिला. कुटुंबाचा विमा घ्यायचा तर तिच्याही पगारातून दर पंधरवड्याला तेच २४२ जाणार, जे आमच्या उपाध्यक्षांच्या जातात. तिच्या पगाराचा तो जवळजवळ सहावा हिस्सा. उपाध्यक्षांच्या पगाराचा कितवा, ते त्यांनाही माहीत नसेल. तिने फक्त स्वतःपुरता विमा घेतलाय. मुलं सरकारी योजनेत आहेत आणि नवरा तसाच, बिनविम्याचा. "तो आजारी पडत नाही," असं ती मला म्हणाली. उत्पन्न पाहून हप्ता ठरवणाऱ्या कंपन्याही आहेत. आमच्या इथे मी तो विषय एकदा मीटिंगमध्ये काढला, तर तो 'नोंदवून घेतला' गेला.

मध्यंतरी वजन उतरवायच्या इंजेक्शनांवरून गरमागरमी झाली. वेगोव्हीचा छापील भाव तेव्हा महिन्याला साडेतेराशे डॉलरच्या आसपास, आणि घेणारे बरेच. आमच्या योजनेने ती दोन वर्षं दिली आणि मग बंद केली. या वादात माझं ठाम मत नाही, म्हणून पुढे जातो.

गेल्या मे महिन्यात आमच्या टीममधल्या मित्राची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसा असलेल्याला तेव्हापासून साठ दिवस मिळतात. नवी नोकरी नाहीतर परतीचं तिकीट. तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा खिशात एक पत्र होतं. १९८६ पासून कोब्रा नावाचा कायदा आहे. नोकरी गेली तरी बहुतेकांना अठरा महिने तीच योजना चालू ठेवता येते, मात्र पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के स्वतः भरून. पत्रावर लिहिलं होतं, महिन्याला २,२४५ डॉलर २ सेंट. पगार चालू असताना आमच्यासारखाच तोही पंधरवड्याला २४२ देत होता. "हा कुठला आकडा?" त्याने मला विचारलं. "चूक झाली असेल ना?" तेव्हा मीही म्हणालो, एचआरला फोन कर. चूक नव्हती. त्याला बारा महिन्यांनी गुणा आणि दोन टक्के काढा, माझा डीडी मिळतो.

त्याच्या मुलीला दमा आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी त्याला जुनी युक्ती सांगितली: कोब्रा लगेच घेऊ नकोस. निर्णयाला साठ दिवस असतात आणि घेतलंस की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. तोवर काही झालं तर फॉर्म भर, नाही झालं तर वाचले पैसे. कायद्यात बसणारी गोष्ट आहे. त्याने ते दिवस भरलेला फॉर्म आणि न भरलेला चेक फ्रिजवर चुंबकाने लावून काढले. सत्तावन्नाव्या दिवशी ऑफर आली. आधीपेक्षा नऊ हजारांनी कमी पगाराची. त्याने पगार विचारायच्या आधी विमा कधीपासून लागू होईल ते विचारलं होतं.

इतक्या मोठ्या लोकांनी यावर डोकं लावलं नसेल असं नाही. २०१८ मध्ये ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन या तिघांनी मिळून आपल्या बारा लाखांच्या घरातल्या नोकरदारांसाठी काही वेगळं करायचं जाहीर केलं. वॉरन बफे तेव्हा म्हणाले होते की आरोग्याचा खर्च हा अर्थव्यवस्थेच्या पोटातला जंत आहे. बातमीनंतर विमा कंपन्यांचे शेअर गडगडले. या उपक्रमाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांची. आमच्या महाराष्ट्र मंडळात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, म्हणजे 'आपला' माणूस. वास्तविक गावंडे जन्मले ब्रुकलिनमध्ये, वाढले ओहायोत, पण असो. टेक्ससमधल्या मॅकॲलन या गावात मेडिकेअरचा खर्च देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट का, याचा शोध घेणारा त्यांचा २००९ चा लेख गाजलेला होता: तिथे लोक जास्त आजारी नव्हते, तपासण्या आणि शस्त्रक्रिया जास्त होत होत्या. आपल्यापैकी कुणीतरी हे कोडं सोडवणार म्हणून आम्ही फार खूश होतो. २०२० मध्ये गावंडे पदावरून बाजूला झाले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत हेवन नावाचा हा उपक्रमच गुंडाळला. बारा लाख माणसं म्हणजे खूप वाटतात. पण ती देशभर पसरलेली. एखाद्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलाशी घासाघीस करायला तिथे पुरेशी माणसं लागतात. नोकरीतून विमा असलेले इथे साधारण १५ कोटी ४० लाख आहेत, पण भाव करायला ते कधी एकत्र दुकानात जात नाहीत. प्रत्येक कंपनी आपापली पिशवी घेऊन एकटी जाते.

रविवारी संध्याकाळी बाबांचा नेहमीचा फोन आला. तिकडे सोमवारची सकाळ. मुलाच्या हाताची चौकशी झाली, प्लॅस्टर निघून किती आठवडे झाले ते मोजून झालं. मग मीच म्हणालो, "बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, माझं काय जातंय म्हणून."

"हं."

"सव्वीस हजार चारशे बारा डॉलर."

"महिन्याचे?"

"नाही हो. वर्षाचे."

पलीकडून पेन घासल्याचा आवाज. बाबा रुपये करत होते. ते अजूनही जुन्या डायरीच्या मागच्या पानावर हातानेच गुणाकार करतात. बराच वेळ लागला. आई मागून विचारत होती काय झालं, त्यांनी तिला थांब म्हटलं.

"आणि वर ते मनगटाचे निराळे?"

"निराळे."

"एवढ्यात डॉक्टर घरी राहायला येतो का रे?"

आम्ही दोघेही हसलो. मग त्यांनी विचारलं, हे कुठे लिहिलेलं असतं, कंपनी पावती देते का. मी त्यांना बारा नंबरच्या चौकोनाबद्दल सांगितलं. त्यांनी कोड पुन्हा विचारला आणि डायरीत लिहून घेतला. का, ते मी विचारलं नाही.

फोन ठेवून परत टेबलाशी आलो. स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत परताव्याचा आकडा: १,१०६ डॉलर. खाली बाराव्या चौकोनाचा रिकामा रकाना लुकलुकत होता. मी डीडी निवडलं, दोन सहा चार एक दोन टाइप केलं, आणि वर पाहिलं. १,१०६.